फ्लोट अजून आण्यांतच मोजतो

गिरणाकाठच्या कुठल्याही गावातलं दूध संकलन केंद्र घ्या. संध्याकाळी किटल्यांची रांग लागते, नमुना यंत्राला लागतो, फॅट ३.६, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५ असे आकडे उजळतात, काट्यावर लिटर दिसतात आणि पावतीची चिठ्ठी बाहेर पडते. दहा दिवसांनी याच चिठ्ठ्यांचा पगार होतो. या सगळ्यामागे डेटाबेसातलं एक टेबल असतं, त्यात फॅटचा एक कॉलम असतो, आणि तो बनवणाऱ्याने बऱ्याचदा ‘दशांश चिन्ह आहे ना, मग फ्लोट’ एवढाच विचार केलेला असतो. फ्लोट म्हणजे अपूर्णांक दोनाच्या हिशोबात, जवळपास साठवणारा प्रकार.

समजा डेटाबेस पोस्टग्रेस आहे आणि कॉलम ‘रियल’, म्हणजे चार बाइटचा फ्लोट. फॅट बरोबर ३.५ असलेले नमुने मागितले की सगळे निमूट हजर होतात. ३.६ चे मागा, एकही येत नाही. बरं, ३.६ आणि ३.७ च्या ‘बिटवीन’ मागा. तरीही शून्य ओळी. टेबल उघडून पाहिलं तर डोळ्यांना ३.६ आणि ३.७ ओळीने दिसत असतात.

क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चुकलेली नसते. ३.६ हा आकडा चार बाइटांत ३.५९९९९९९०४६ असा काहीसा बसतो आणि ३.७ बसतो ३.७००००००४७६ असा. क्वेरीत आपण लिहिलेला ३.६ मात्र आठ बाइटांचा होऊन तुलनेला येतो, तो ३.६ च्या कितीतरी जास्त जवळ असतो. म्हणून साठवलेला ३.६ खालच्या सीमेच्या किंचित खाली पडतो, साठवलेला ३.७ वरच्या सीमेच्या किंचित वर जातो आणि दोघेही कुंपणाबाहेर राहतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ‘फ्लोट’ कॉलमवर ‘बरोबर ३.६’ मागितलं तरी हात रिकामेच.

खरा घोळ दरपत्रकाशी जोडताना होतो. संकलनाच्या टेबलात फॅट रियल आणि दरपत्रकात डेसिमल (आकडे दशमानात ठेवणारा प्रकार) असेल, तर जॉइनमध्ये, म्हणजे दोन टेबलं जोडणाऱ्या क्वेरीत, ३.०, ३.५, ४.० वाल्यांना दर मिळतो, बाकीच्यांना नाही. इनर जॉइन असेल तर त्यांची ओळच गायब. लेफ्ट जॉइन लावून रिकाम्या दराच्या जागी शून्य टाकलेलं असेल तर पावतीवर दूध बारा लिटर, रक्कम शून्य. यातली दुसरी चूक परवडली. निदान उत्पादक दुसऱ्या दिवशी भांडायला तरी येतो.

मग ३.५ चंच असं काय मोठं? उत्तर आपल्या भाषेतच आहे. ३.५ म्हणजे साडेतीन. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपले रोजचे अपूर्णांक दोनाने आणि पुन्हा दोनाने भागून झालेले आहेत. पावकी-निमकी-पाऊणकीचे पाढे म्हणणाऱ्या पिढीला दशांश चिन्हाची गरज पडली नव्हती. संगणकाचा फ्लोटही याच शाळेतला विद्यार्थी. त्याला अर्धा, पाव, अर्धपाव, सोळावा भाग, चौसष्टावा भाग एवढंच येतं आणि प्रत्येक आकडा तो अशाच तुकड्यांची बेरीज करून उभा करतो. एक दशांश त्याला जमत नाही, कारण दहाच्या पोटात दोनाबरोबर पाचही आहे आणि दोनाला दोनाने कितीही गुणलं तरी त्यातून पाच निघत नाही. आपण एक तृतीयांश लिहिताना ०.३३३ वर थकतो, तसा तो ०.१ लिहिताना थकतो. आठ बाइटांत तो ०.१ चा ०.१००००००००००००००००५५५ करून थांबतो. दहा वेळा ०.१ मिळवले की एक होत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ होतो.

रुपयाचं गणित यावरून मांडून पाहावं. दशांशानंतर दोन घरं म्हणजे ०० ते ९९ असे शंभर पैसे. त्यांतले फक्त चार फ्लोटमध्ये नेमके बसतात: ००, २५, ५० आणि ७५. उरलेले ९६ जवळपास. सराफाकडे ग्रॅमची तीन घरं असतात, तिथे हजारातले आठच नेमके. ०, १२५, २५०, ३७५ असे अर्धपावाच्या पायरीने चढणारे.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. सोळा काय नि चौसष्ट काय, दोन्ही दोनाचेच घात. जुन्या चोपडीतला ‘बारा रुपये सात आणे एक पैसा’ फ्लोटमध्ये टाका, कणभर फरक पडणार नाही. शेराचे सोळा छटाक, तेही चालतील. (पै मात्र चालणार नाही, आण्याच्या बारा पया आणि बारामध्ये तीन लपलेला. तोळ्याचे बारा मासे, तिथेही तीन आडवा येतो.) म्हणजे ज्या यंत्राला आपण आधुनिक म्हणतो त्याला आजोबांचा हिशोब जमला असता आणि आपला जमत नाही.

ही उपमा म्हणून सांगत नाही. चार बाइटच्या फ्लोटमध्ये आकड्यासाठी २४ बिट असतात, म्हणजे आकडा मोठा होत जाईल तशी दोन शेजारच्या आकड्यांमधली फट रुंदावते, आणि प्रत्येक वेळी दुपटीने. रुपयांची रक्कम १,३१,०७२ च्या वर गेली की ही फट होते एक चौसष्टांश रुपया. म्हणजे जुना पैसा! तिथून पुढे त्या कॉलमला नवे पैसे माहीतच नसतात. २,६२,१४४ च्या वर फट होते अर्धा आणा, ज्याला ढब्बू म्हणत. ५,२४,२८८ च्या वर एक आणा. १०,४८,५७६ च्या वर चवली, २०,९७,१५२ च्या वर पावली, ४१,९४,३०४ च्या वर अधेली आणि ८३,८८,६०८ च्या वर पूर्ण रुपया. १९५७ च्या आधीची ही सगळी नाणी रियल कॉलममध्ये मोठेपणाच्या क्रमाने चलनात आहेत.

कापसाच्या एका मोठ्या खरेदीची रक्कम ७,४३,२१८ रुपये ३५ पैसे धरू. ही आण्याच्या पट्ट्यातली. ३५ पैशाला सर्वांत जवळचे सहा आणे, म्हणजे साडेसदतीस पैसे. आत साठतात ७,४३,२१८.३७५. पोस्टग्रेस बाहेर दाखवतो ७४३२१८.४, कारण रियल ओळखायला पुरतील तेवढेच अंक तो छापतो. मायएसक्यूएल सहाच अंक दाखवतो, त्याच्याकडे येतं नुसतं ७४३२१८. तीन ठिकाणी तीन रकमा आणि चौथी आडत्याच्या कागदावर.

बेरजेत तर आणखी गंमत. पोस्टग्रेसमध्ये रियल कॉलमची ‘सम’ही रियलच येते. हंगामाची बेरीज १,६७,७७,२१६ वर पोचली की पुढे एक रुपया मिळवला तरी बेरीज हलत नाही, कारण आता पायरी दोन रुपयांची झालेली असते. हमाली-तोलाईच्या रुपयाच्या आतल्या बारीक नोंदी अशा बेरजेत हजाराने मिळवल्या तरी काही फरक दिसणार नाही. त्याच नोंदी आधी आणि मोठ्या रकमा नंतर घेतल्या तर उत्तर वेगळं येईल. फ्लोटची बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर उत्तर ठरतं, आणि टेबलातल्या ओळी कोणत्या क्रमाने येतील याची हमी डेटाबेस देत नाही.

‘मग आठ बाइटचा डबल घेऊ’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. त्यात ५३ बिट असतात, पंधरा अंक खात्रीचे मिळतात, आणि कोटींच्या हिशोबातही फट पैशाच्या कितीतरी खाली राहते. बेरजांचा प्रश्न बराचसा सुटतो. राउंडिंगचा सुटत नाही.

जळगावच्या सराफ बाजाराचं उदाहरण इथे चांगलं लागू पडतं. दागिन्यावर जीएसटी तीन टक्के, म्हणजे केंद्राचा दीड आणि राज्याचा दीड. रक्कम पूर्ण रुपयांत आणि विषम असेल तर दीड टक्का काढल्यावर शेवटी नेमका अर्धा पैसा उरतो. म्हणजे पूर्ण रुपयांतल्या दर दुसऱ्या रकमेला ‘अर्धा पैसा वर घ्यायचा की खाली’ हा प्रश्न येणार. हा अपवाद नव्हे, रोजचा व्यवहार आहे. आकडे लहान घेऊ म्हणजे कागदावर पडताळता येतील. ६७ चा दीड टक्का १.००५ आणि ७७ चा १.१५५. नियम ‘अर्धा असेल तर वर’, तेव्हा उत्तरं हवीत १.०१ आणि १.१६. डबलमध्ये ६७ गुणिले ०.०१५ येतात १.००४९९९९९९९९९९९९८९, ते खाली पडून १.०० होतात. ७७ ला येतात १.१५५०००००००००००००३, ते वर जाऊन १.१६ होतात. नियम तोच, गिऱ्हाईकही तेच, एका पावतीत पैसा कमी आणि दुसरीत बरोबर. महिनाअखेरीला हिशोबनीस अशा पैशांमागे दोन दिवस घालवतो आणि शेवटी ‘राउंड ऑफ’ नावाच्या खात्यात ढकलून मोकळा होतो. ते खातं फुगायला लागलं की कॉलमचा प्रकार बघावा, हिशोबनीसाला बोलू नये.

राउंड या फंक्शनवरही आंधळा विश्वास नको. मायएसक्यूएलमध्ये राउंड(२.५) देतं ३, आणि तोच आकडा घातांकाच्या रूपात, २५ई-१ असा लिहिला तर बहुतेक यंत्रांवर देतं २. पहिला त्याच्या लेखी डेसिमल, दुसरा फ्लोट, आणि दोघांचे नियम वेगळे. पोस्टग्रेस तर डबलला दोन घरांपर्यंत राउंड करायला सांगितलं की असं फंक्शनच नाही म्हणून सरळ नकार देतो. आधी न्यूमरिक (डेसिमलचंच दुसरं नाव) करा म्हणतो. हा आडमुठेपणा मला आवडतो.

पैशासाठी डेसिमल किंवा न्यूमरिक, यात दुमत नसावं. तो आकडे दशमानातच ठेवतो, त्यामुळे ०.१ म्हणजे ०.१. जागा जास्त लागते ही भीतीही अर्धवट आहे: मायएसक्यूएलमध्ये डेसिमल(१२,२) ला, म्हणजे एकूण बारा अंक आणि त्यांतली दोन दशांशाची घरं, सहा बाइट लागतात, डबलला आठ. पण नुसतं ‘डेसिमल’ लिहून कंस विसरू नका. मायएसक्यूएल त्याचा अर्थ (१०,०) घेतो, एसक्यूएल सर्व्हर (१८,०), म्हणजे दशांशाची घरं शून्य, ४५.६० टाकले की ४६ होऊन बसतात. एसक्यूलाइटमध्ये डेसिमल लिहून काहीच साधत नाही, दशांश असलेला आकडा तो आत फ्लोट म्हणूनच ठेवतो. तिथे रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी. नावांचा गोंधळही बराच आहे. ‘रियल’ पोस्टग्रेसमध्ये चार बाइटचा, मायएसक्यूएलमध्ये तेच नाव मूळ सेटिंगला आठ बाइटच्या डबलचं. ओरॅकलचा ‘फ्लोट’ तर त्याच्या नंबरचाच प्रकार, आतून दशमान. त्याचे खरे द्विमान प्रकार बायनरी फ्लोट आणि बायनरी डबल या नावांनी आहेत. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाताना नाव बघून प्रकार निवडला की फसगत ठरलेली.

मोबाइल नंबर फ्लोटमध्ये ठेवणारेही भेटतात. नऊने सुरू होणाऱ्या दहा अंकी आकड्याला रियलमध्ये पायरी असते १०२४ ची. फोन कुणाला लागेल ते नशीब. खाते क्रमांक, मोबाइल, गट नंबर यांची बेरीज कुणी करत नाही. ते टेक्स्टमध्येच बरे.

याचा अर्थ फ्लोट टाकाऊ आहे असा नाही. मराठीत मोजणं आणि मापणं असे दोन शब्द आहेत आणि कॉलमचा प्रकार ठरवताना तेवढे पुरतात. पैसे मोजतात, गाठी मोजतात, केळीचे घड मोजतात. तापमान, ओल, अक्षांश-रेखांश मापतात, आणि मापात चूक आधीपासूनच असते. अर्ध्या अंशाने चुकणाऱ्या तापमापकाचा आकडा सातव्या अंकाला हलला तर काही बिघडत नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत झाडागणिक जीपीएसची नोंद ठेवायची म्हटली तर रियल पुरेल का? रेखांश ७५-७६ च्या आसपास असतो, तिथे रियलची पायरी भरते सुमारे ०.०००००७६ अंश, म्हणजे जमिनीवर साधारण ८० सेंटिमीटर. चूक जास्तीत जास्त तिच्या निम्मी. दीड मीटरवर लावलेली दोन झाडं वेगळी ओळखू येतील, एका झाडाजवळचे दोन ड्रीपर ओळखू येणार नाहीत. डबल घेतला तर हा प्रश्नच उरत नाही, आणि तसाही जीपीएस स्वतःच काही मीटर इकडेतिकडे असतो.

अवघड जागा येते ती मापलेलं मोजलेलं होतं तिथे. दुधाचं फॅट यंत्राने मापलं, खरं. पण चिठ्ठीवर ३.६ छापलं गेलं आणि त्यावर दर ठरला, की तो आकडा मापाचा राहत नाही, हिशोबाचा होतो. वे-ब्रिजवरचं वजनही तसंच. यंत्राचा कच्चा आकडा हवा असेल तर डबलमध्ये खुशाल ठेवा, पण पावतीवरचा आकडा वेगळ्या कॉलमात डेसिमल म्हणून ठेवा (फॅटला डेसिमल(३,१) पुरे) आणि हिशोब त्याच्यावरच करा.

सेन्सरच्या कॉलमातही एक काटा असतो. फ्लोटमध्ये आकडा नसलेला एक आकडा बसतो, नॅन. भुसावळच्या मे महिन्यात एखादा सेन्सर बिघडून त्याने एकदाच नॅन पाठवला, तर पोस्टग्रेसमध्ये महिन्याची सरासरी नॅन आणि कमाल तापमानही नॅन. कारण क्रम लावताना पोस्टग्रेस नॅनला सगळ्यांहून मोठा धरतो. कॉलमवर ‘उणे १० ते ६०’ अशी चेकची अट घातली की तो दारातच अडतो. पोस्टग्रेसच्या फ्लोटमध्ये अनंतही साठवता येतो, त्यात कोणताही साधा आकडा मिळवा किंवा वजा करा, तो तसाच. चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्याने काढलेल्या मठाचा त्यात उल्लेख आहे. त्या आजोबांनी बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि तिच्यात भर घाला की काढून घ्या, ती बदलत नाही असं सांगितलं. डेटाबेस मात्र इतके उदार नाहीत. शून्याने भागायला सांगितलं की पोस्टग्रेस फ्लोटलाही एरर देतो, आणि मायएसक्यूएल व एसक्यूलाइट सिलेक्टमध्ये गुपचूप नल, म्हणजे रिकामी जागा, देतात. शून्य लिटरच्या नोंदीवर प्रति लिटर दर काढणाऱ्या क्वेरीत हे तिन्ही लक्षात ठेवावं लागतं.

जुना कॉलम दुरुस्त करायचा असेल तर घाई नडते. पोस्टग्रेसमध्ये रियल कॉलमला सरळ ‘ऑल्टर’ करून न्यूमरिक(१२,२) केलं, तर रूपांतर सहा अंकांवर होतं. ७,४३,२१८.३७५ चे होतात ७,४३,२१८.००, आणि १२,३४,५६७ चे होतात १२,३४,५७०. एरर नाही, सूचना नाही, तीन रुपये वाढले. डबलवरून न्यूमरिकला जाताना पंधरा अंक टिकतात, तिथे दोन घरांना राउंड करून घेतलं की भागतं. रियलमधली रक्कम मात्र परत मिळतच नाही. जे साठलंच नाही ते कोणतं रूपांतर आणणार? म्हणून रक्कम बदलू नये, नव्याने काढावी. लिटर, फॅट आणि त्या दिवशीचा दर हे लहान आकडे रियलमध्येही ओळखण्याइतके शाबूत असतात. ते आधी टेक्स्ट आणि मग न्यूमरिक करून स्वच्छ करावेत, गुणाकार करावा आणि राउंड एकदाच, शेवटी, पावतीवर जिथे होतो तिथे करावा. ओळीओळीला राउंड करून बेरीज आणि बेरीज करून राउंड यांत फरक पडतो. छापील चिठ्ठीत जे आहे तेच खरं.

क्रम असा ठेवावा: बॅकअप घ्यायचा, जुना कॉलम न हलवता शेजारी नवा काढायचा, तो भरायचा, दोन्हींत अर्ध्या पैशाहून जास्त फरक असलेल्या ओळी काढून छापील पावत्यांशी ताडून बघायच्या. टेबल मोठं असेल तर भरणं हजार-दोन हजारांच्या तुकड्यांनी, आणि तेही सकाळ-संध्याकाळचं संकलन सोडून. ॲपकडेही नजर हवी. डेटाबेसने न्यूमरिक दिला आणि ॲपने वाचताना त्याचा पुन्हा फ्लोट केला तर सगळी मेहनत पाण्यात. दोन पगार नव्या कॉलमवर छापील बेरजेशी जुळले की जुना काढायचा. काढण्याआधी फॅट बरोबर ३.६ वाली क्वेरी एकदा चालवायची आणि किती ओळी येतात ते रजिस्टरशी मोजून घ्यायचं.